गाण्याचा कॉम्प्युटर आधी गप्प हवा

सुरतेतल्या खान्देशी माणसाचं गाण्याचं वर्ष दोन हंगामांत वाटलेलं असतं. लग्नसराईची आणि आखाजीची गाणी अक्षय्य तृतीयेच्या आधी यूट्यूबवर चढायला हवीत, म्हणून ती मार्च-एप्रिलमध्ये रेकॉर्ड होतात. कानबाईची गाणी तिच्या सणाच्या, म्हणजे नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारच्या आत लागतात आणि मागोमाग गणपती येतात, म्हणून त्यांचं काम जून-जुलैत. म्हणजे उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा इथे घरातल्या एका खोलीत माइक लावून बसणारा माणूस नेमका सर्वांत तापलेल्या आणि सर्वांत दमट महिन्यांत सर्वांत जास्त राबतो. माइक चालू करायच्या आधी तो छताचा पंखा बंद करतो. एसी असेल तर तोही. दारं-खिडक्या तर आधीच लावलेल्या असतात, कारण बाहेर रस्ता आहे आणि पलीकडे एम्ब्रॉयडरीची यंत्रं आहेत. दहा मिनिटांत गाणारा घामाघूम होतो, आणि टेबलाखालचा कॉम्प्युटरही. त्याचे पंखे जोरात फिरू लागतात, ती घरघर माइक इमानेइतबारे टिपतो, आणि मग रात्री सॉफ्टवेअरनं ती काढताना आवाजातला जीवही निघून जातो.

रेकॉर्डिंगसाठी कॉम्प्युटर जुळवायचा तर सुरुवात इथून करावी. दुकानदार सुरुवात करतो ती दुसऱ्या टोकाकडून. तुम्ही ‘म्युझिकसाठी पीसी हवा’ म्हणालात की तो गेमिंगचा पीसी दाखवतो. त्यात रंगीत दिवे, काचेची बाजू, जाडजूड ग्राफिक्स कार्ड, सगळं असतं. तो फसवतो असं नाही. त्याच्या हिशेबात ताकदवान म्हणजे चांगला. आपल्या हिशेबात प्रत्येक जादा वॅट म्हणजे जादा उष्णता, जादा उष्णता म्हणजे जोरात फिरणारा पंखा आणि जोरात फिरणारा पंखा म्हणजे खराब टेक. म्हणून सुटे भाग निवडताना एकच प्रश्न विचारत राहायचा: हा भाग पंखा बंद असलेल्या बंद खोलीत, एप्रिलच्या दुपारी, शांत राहील का?

त्याआधी तुमचं काम किती आहे ते ठरवा. एका वेळी किती माइक लागणार? एकटा गायक असेल तर एक, जोडगाणं असेल तर दोन, ढोलकी आणि संबळ जिवंत वाजवून घ्यायची असेल तर चार किंवा अधिक. आणि संगीताचा किती भाग कॉम्प्युटरमधूनच येणार? बीट, बासरी, सनई हे सगळं सॉफ्टवेअरमधल्या वाद्यांतून वाजवणाऱ्याला वेगळं यंत्र लागतं, आणि तयार ट्रॅकवर फक्त गळा चढवणाऱ्याला वेगळं. दुसऱ्या प्रकारच्या माणसाचं काम फार थोड्या पैशांत भागतं, हे त्याला कुणी सांगत नाही म्हणून मी सांगतो.

आता थोडं आतलं. कॉम्प्युटर आवाज सलग घेत नाही, तुकड्यांनी घेतो. या तुकड्याला बफर म्हणतात. सेकंदाला ४८,००० नमुने घेत असू आणि बफर १२८ नमुन्यांचा असेल, तर एक तुकडा सुमारे २.७ मिलिसेकंदांचा होतो. आवाज आत येताना एक तुकडा, बाहेर जाताना एक, त्यात इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारी डबी) आणि ड्रायव्हर यांचा वेळ, असं मिळून हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज ऐकू यायला आठ-दहा मिलिसेकंद लागतात. हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे दहा मिलिसेकंदांचा उशीर हा साडेतीन मीटरवरच्या स्पीकरमधून ऐकण्याइतका झाला. गायकाला तो चालतो. तोच बफर १०२४ केला तर एक तुकडाच २१ मिलिसेकंदांचा, जाऊन-येऊन चाळीसच्या वर. तेवढ्या उशिरात कोणीही तालाला चुकतो.

मग बफर लहानच ठेवावा, असं वाटेल. पण बफर जितका लहान तितकी प्रोसेसरला दर वेळी काम संपवायची मुदत कमी. ती एकदा जरी हुकली तरी रेकॉर्डिंगमध्ये ‘टक्’ असा आवाज येतो. वरातीतल्या ढोलकीवाल्यासारखंच हे आहे: हातात जोर कितीही असो, ठेका चुकला की संपलं. त्यामुळे गाण्याच्या कॉम्प्युटरमध्ये सरासरी ताकदीपेक्षा वक्तशीरपणा महत्त्वाचा. प्रोसेसर दहा टक्केच वापरात दिसतो आणि तरी टकटक येते, असं घडतं ते याचमुळे. अनेकदा दोष वाय-फायच्या किंवा ग्राफिक्सच्या ड्रायव्हरचा असतो, तो मधेच प्रोसेसर अडवून धरतो. ‘लेटन्सीमॉन’ नावाचं फुकट सॉफ्टवेअर कोणता ड्रायव्हर अडवतोय ते दाखवतं. नवं यंत्र घरी आणल्यावर पहिल्या दिवशीच ते चालवून पाहा.

एक सोपी पळवाटही आहे. बहुतेक इंटरफेसवर ‘डायरेक्ट मॉनिटर’चं बटण असतं. ते दाबलं की गायकाचा आवाज कॉम्प्युटरमध्ये न जाता थेट त्याच्या हेडफोनमध्ये जातो, उशीर जवळजवळ शून्य. मग बफर ५१२ ठेवला तरी बिघडत नाही. फक्त गळा रेकॉर्ड करणाऱ्याला महागडा प्रोसेसर लागत नाही तो या बटणामुळे. कीबोर्डवर बोट ठेवून सॉफ्टवेअरची सनई वाजवणाऱ्याला मात्र ही सोय नाही, कारण त्याचा आवाज कॉम्प्युटरमध्येच तयार होतो. त्याला लहान बफर आणि त्यासाठी वेगवान प्रोसेसर लागणारच.

प्रोसेसर निवडताना कोरची संख्या पाहून भुलू नका. एका ट्रॅकवर तुम्ही एकामागून एक जे इफेक्ट लावता, ती साखळी साधारणपणे एकाच कोरवर चालते, कारण पहिल्याचं काम झाल्याशिवाय दुसऱ्याला हात घालता येत नाही. म्हणून एका कोरचा वेग आधी, संख्या नंतर. सहा कोर घरच्या स्टुडिओला पुरेसे आहेत. इंटेलचा आय५-१२४०० अजूनही माझा आवडता आहे: सहाही कोर एकाच जातीचे, मूळ वीजमर्यादा ६५ वॅट आणि ग्राफिक्स आतच. एएमडीकडे रायझन ५ ७६००, तोही सहा कोरचा, ६५ वॅटचा, आतल्या साध्या ग्राफिक्ससह. त्याचा एएम५ सॉकेट २०२२ मध्ये आला आणि त्यावर पुढच्या पिढीचे प्रोसेसरही बसतात, त्यामुळे चार वर्षांनी बोर्ड न बदलता वाढ करता येईल. नावापुढे ‘एफ’ असलेला इंटेल घेऊ नका. तो थोडा स्वस्त पडतो, पण त्यात ग्राफिक्स नसतं, म्हणजे वेगळं कार्ड घ्यावं लागतं, आणि त्या कार्डाला पंखा असतो.

‘के’वाले मोठे इंटेल म्हणजे आय७ आणि आय९. त्यांची मूळ मर्यादा १२५ वॅट आणि जोरात असताना काहींची भूक २५३ वॅटपर्यंत जाते. सुरतेच्या उन्हाळ्यात बंद खोलीत हे घेऊन बसायचं म्हणजे हीटर लावण्यासारखंच. शिवाय तेराव्या आणि चौदाव्या पिढीतल्या अशा प्रोसेसरांना जास्त व्होल्टेजमुळे कायमची इजा होण्याचा दोष निघाला होता. इंटेलनं ऑगस्ट २०२४ मध्ये त्यावर दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण दुरुस्तीनं आधी झालेली इजा भरून येत नाही. तेव्हा या पिढ्यांचा मोठा प्रोसेसर कुणी वापरलेला स्वस्तात देत असेल तर हात जोडून पुढे चला.

६५ वॅटचे म्हणवणारे प्रोसेसरही थोडा वेळ त्याहून जास्त वीज खातात. बायोसमध्ये इंटेलसाठी वीजमर्यादा बांधता येते, एएमडीसाठी ‘इको मोड’ असतो. जुळवणाऱ्या मुलाकडून दुकानातच ते करून घ्या. वेगात जो फरक पडतो तो गाण्याच्या कामात जाणवत नाही. पंख्याच्या आवाजातला मात्र लगेच जाणवतो.

ग्राफिक्स कार्डाबद्दल माझं मत सरळ आहे: नको. पण इथे एक अडचण खरीच आहे. आपल्याकडे गाणं एकटं येत नाही, त्याचा व्हिडिओही त्याच यंत्रावर कापला जातो. तरीही साध्या एडिटिंगला इंटेलचं आतलं ग्राफिक्स पुरतं. त्यातली ‘क्विक सिंक’ ही व्हिडिओ उलगडण्याची सोय अनेक एडिटिंग सॉफ्टवेअर वापरतात. व्हिडिओचं काम असेल तर दोन प्रोसेसरांत म्हणूनच मी इंटेलकडे झुकेन. कार्ड घ्यायचंच असेल तर भार नसताना पंखे पूर्ण थांबवणारं घ्या.

रॅम सोळा जीबी पुरे. मोठमोठ्या वाद्यसंग्रहांवर काम असेल किंवा व्हिडिओ कापायचा असेल तर बत्तीस. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकले आहेत, त्यामुळे पैसे ताणून चौसष्ट घेण्यात शहाणपण नाही. दुकानदार आठ-आठच्या दोन पट्ट्या सुचवेल आणि तत्त्वतः तो बरोबर आहे, पण बोर्डावर दोनच खाचा असतील तर सोळाची एकच पट्टी घेऊन दुसरी खाच पुढच्यासाठी राखावी असं मी म्हणेन. आतलं ग्राफिक्स जरा मंदावेल, रेकॉर्डिंगला फरक पडणार नाही. आणि बोर्ड डीडीआर४ चा आहे की डीडीआर५ चा ते बिलात लिहून घ्या. १२४०० साठी दोन्ही मिळतात आणि एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही.

साठवणीचा हिशेब लोक उगाच मोठा समजतात. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला ८.६४ एमबी घेतो. चार मिनिटांच्या गाण्याचे चोवीस ट्रॅक म्हणजे सुमारे ८३० एमबी. सोळा ट्रॅक एकदम रेकॉर्ड केले तरी सेकंदाला अडीच एमबीच्या आत. साधी साटा एसएसडी सेकंदाला ५०० एमबीच्या वर लिहिते-वाचते. म्हणजे सर्वांत वेगवान, तापट एनव्हीएमई घेण्याचं काहीच कारण नाही. मधल्या दर्जाची एक टीबीची घ्या आणि विषय संपवा. फिरणारी हार्ड डिस्क मात्र कॅबिनेटमध्ये नको. ती गुणगुणते आणि तिची थरथर पत्र्यात उतरते. ती बाहेरच्या डबीत ठेवा, बॅकअपपुरती लावा आणि काढून घ्या.

बॅकअपवरून सुरतेसाठी खास एक सूचना. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्यानं तापीला पूर आला तेव्हा शहराचा मोठा भाग पाण्याखाली होता. तेवढा पूर वारंवार येत नाही, पण लिंबायतच्या मिठी खाडीचं पाणी जोराच्या पावसात गल्ल्यांत शिरतं हे तिथल्या रहिवाशांना वेगळं सांगायला नको. तळमजल्यावर स्टुडिओ असेल तर कॅबिनेट जमिनीवर ठेवू नये, यूपीएस तर नाहीच. बॅकअपची डिस्क वरच्या मजल्यावर किंवा दुसऱ्या घरी असावी. गायकाचा टेक पुन्हा घेता येतो असं वाटतं, पण गावाहून आलेली, ओव्या म्हणणारी म्हातारी पुन्हा येईलच असं नाही.

मदरबोर्डात रस घ्यावा असं फार नाही. आतलं साउंड किती भारी आहे याची जाहिरात वाचू नका, आपण ते वापरणारच नाही. मागच्या बाजूला पुरेसे यूएसबी आहेत का, एसएसडीच्या दोन खाचा आहेत का आणि पंख्यांचा वेग बायोसमधून बांधता येतो का, एवढं पाहा. इंटेलमध्ये एच६१० पेक्षा बी७६० या बाबतीत बरा, एएमडीत बी६५०. इंटरफेस नेहमी मागच्या यूएसबीत लावा. पुढचे पोर्ट आतल्या वायरीतून येतात आणि तिथेच कटकट जास्त होते.

आता वीज. सुरतेच्या बहुतेक भागात टोरंट पॉवर वीज पुरवते, बाहेरच्या भागांत दक्षिण गुजरात वीज कंपनी, पण आपला प्रश्न मीटरच्या अलीकडचा आहे. जुन्या चाळीत किंवा भाड्याच्या खोलीत तीन पिनांचं सॉकेट असतं आणि तिसऱ्या भोकामागे काहीच जोडलेलं नसतं. मग स्पीकरमधून ‘हूं’ असा सलग आवाज येतो. तो ५० हर्ट्झच्या विजेचा आणि तिच्या पटींचा आवाज. लोक इंटरफेस बदलतात, माइक बदलतात, वायरी बदलतात. त्याआधी वायरमनला बोलवून मीटर लावायला सांगा. फेज आणि न्यूट्रल यांच्यात जितके व्होल्ट दिसतात, जवळपास तितकेच फेज आणि अर्थ यांच्यात दिसायला हवेत. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थिंग दुरुस्त करून घ्या. हूं थांबते म्हणून पिन तोडायचा सल्ला कुणी दिला तर तो अजिबात ऐकू नका. गायक लोखंडी माइकला ओठ लावून उभा असतो.

अर्थ ठीक असूनही गुणगुण राहिली तर कॉम्प्युटर, इंटरफेस, स्पीकर हे सगळं एकाच बोर्डावर, एकाच सॉकेटवरून घ्या. इंटरफेसपासून स्पीकरपर्यंत बॅलन्स्ड वायर वापरा. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि स्वस्त एलईडी ट्यूब रेकॉर्डिंगच्या वेळी बंद करून पाहा, अनेकदा चोर तिथेच सापडतो. त्याच इमारतीत एम्ब्रॉयडरीची यंत्रं चालत असतील तर स्टुडिओची लाइन मीटरपासून वेगळी ओढून घ्यावी. खर्च होतो, पण तो नव्या माइकपेक्षा कमी आणि परिणाम जास्त.

पॉवर सप्लाय हा भाग ग्राहक सर्वांत कमी पाहतो आणि दुकानदार सर्वांत जास्त कापतो. कॅबिनेटबरोबर फुकट येणारा सप्लाय बाजूला ठेवा. आपलं यंत्र पूर्ण भारावरही दीडशे वॅटच्या आसपास राहील, तरी नावाजलेल्या कंपनीचा ४५० ते ५५० वॅटचा घ्या, ‘८० प्लस’ ब्रॉन्झ किंवा जमल्यास गोल्ड. गोल्ड म्हणजे निम्म्या भारावर साधारण ९० टक्के वीज कामी येते आणि उरलेलीच उष्णता होते. कमी भारावर त्याचा पंखा हळू फिरतो, काहींचा थांबतोच. यूपीएस लाइन-इंटरॅक्टिव्ह आणि प्युअर साइन वेव्हचा असावा. आजच्या चांगल्या सप्लायना चौकोनी लाटेची वीज मानवत नाही, आणि घरच्या स्वस्त इन्व्हर्टरवर तर स्पीकरही भणभणतात. पाच मिनिटं मिळाली तरी पुष्कळ. प्रोजेक्ट सेव्ह करायचा आणि बंद करायचा, एवढंच काम आहे.

कॅबिनेट आणि कूलर यांवर मी प्रोसेसरइतकंच लक्ष देईन. प्रोसेसरबरोबर खोक्यात येणारा छोटा कूलर काम करतो, पण त्याचा लहान पंखा जोरात फिरून करतो. त्याऐवजी १२० मिलिमीटरच्या पंख्याचा उभा टॉवर कूलर घ्या. मोठा पंखा हळू फिरून तेवढीच हवा टाकतो. पाण्याचा कूलर नको. पंपाचा बारीक, सलग स्वर तुमच्या कानाला नाही तर माइकला ऐकू येतो. कॅबिनेटच्या पुढे जाळी हवी, काच नको, आणि जाळीमागे काढून धुता येणारं फिल्टर हवं. सुरतेच्या हवेत धागा आहे. लूमच्या आणि एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यांजवळच्या घरात महिन्याभरात फिल्टरवर मऊ थर बसतो, हवा अडते आणि पंखे पुन्हा ओरडू लागतात. पावसाळ्यात तोच थर ओलावा धरतो. फिल्टर महिन्यातून एकदा धुवायचं आणि पूर्ण वाळवून बसवायचं, हे कॅलेंडरवर लिहून ठेवा. पावसाळ्यात यंत्र आठ-आठ दिवस बंदही ठेवू नये, रोज तासभर चालू राहिलं तर आतला दमटपणा निघून जातो.

सर्वांत चांगला उपाय मात्र कोणत्याही दुकानात मिळत नाही. यंत्र खोलीबाहेर ठेवा. भिंतीला एक भोक, त्यातून एचडीएमआय, यूएसबी आणि कीबोर्ड-माउसची वायर. साधी यूएसबी २ वायर पाच मीटरपर्यंत चालते, आणि फोकसराइट स्कार्लेटसारखे घरगुती इंटरफेस यूएसबी २ वरच चालतात. शेजारच्या खोलीत, पंख्याखाली, यंत्र निवांत गार राहतं. ज्याला हे जमतं त्यानं वरचा निम्मा लेख विसरला तरी चालेल.

इंटरफेस हा खरं तर कॉम्प्युटरचा भाग नाही, पण ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत पोहोचतो तो हाच. एकूण पैशांचा चौथा हिस्सा इथे जाऊ द्या. दोन गोष्टी पाहा. पहिली, त्याचा स्वतःचा असिओ ड्रायव्हर आहे का. असिओ ही स्टाइनबर्ग कंपनीनं १९९७ मध्ये आणलेली पद्धत, विंडोजचा नेहमीचा लांबचा रस्ता टाळून आवाज थेट नेणारी. फार स्वस्त इंटरफेसना असा ड्रायव्हर नसतो, ते सर्वसाधारण ‘असिओ४ऑल’वर विसंबतात आणि लहान बफरला डगमगतात. दुसरी गोष्ट गेन, म्हणजे माइकचा सिग्नल वाढवण्याची ताकद. आजूबाजूला आवाज असलेल्या वस्तीत कंडेन्सर माइकपेक्षा शुअर एसएम५८ सारखा डायनॅमिक माइक जास्त कामाचा. तो १९६६ पासून बाजारात आहे आणि दूरचं फार ऐकत नाही. पण त्याचा सिग्नल दुबळा, त्याला जोर लागतो. चौथ्या पिढीच्या स्कार्लेट सोलोला ५७ डेसिबल गेन आहे, त्याच्या थोरल्या भावाला, टूआयटूला, ६९. हळू आवाजात गाणाऱ्यासाठी या बारा डेसिबलचा फरक मोठा आहे. म्हणून एकच माइक लागत असला तरी जमल्यास टूआयटू घ्या.

सॉफ्टवेअरवर पैसे उधळू नका. रीपर साठ दिवस वापरून पाहता येतं आणि वैयक्तिक वापराचा परवाना साठ डॉलरचा आहे. एफएल स्टुडिओवर हात बसला असेल तर तेच ठेवा. चोरीची, क्रॅक केलेली सॉफ्टवेअर आपल्याकडे सर्रास चालतात. नैतिकता बाजूला ठेवली तरी त्यांच्यासोबत आलेलं काय काय मागे चालू असतं आणि टकटक कुठून येते, हे शोधण्यात जाणारे दिवस परवान्याहून महाग पडतात.

विकत कुठे घ्यायचं? कॉम्प्युटरचे भाग सुरतेतच, अठवा गेटच्या तिरुपती प्लाझासारख्या ठिकाणी चार दुकानं फिरून. पहाटेची फ्लाइंग राणी गाडी पकडून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला गेलात तर भावात थोडं सुटेल, पण एखादा भाग पहिल्याच आठवड्यात गेला तर पुन्हा राणी पकडावी लागेल. इंटरफेस आणि माइकसाठी मात्र ती फेरी करायला हरकत नाही, हातात घेऊन, हेडफोन लावून ऐकता येतं. बिल पक्कंच घ्या, १८ टक्के जीएसटीसह, प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहिलेलं. कच्च्या चिठ्ठीवर जे वाचतं ते वॉरंटीच्या दिवशी व्याजासह जातं. प्रोसेसर सीलबंद खोक्यातला घ्या, सुटा ‘ट्रे’वाला नको.

हे सगळं वाचून ज्यांना जुळवाजुळव नकोशी वाटली त्यांच्यासाठी दोन वाटा आहेत. ॲपलचा एम४ मॅक मिनी २०२४ च्या अखेरीस भारतात ५९,९०० रुपयांना आला, सोळा जीबी रॅमसह. तो इतका शांत आहे की माझ्या वरच्या निम्म्या तक्रारी त्याला लागू होत नाहीत. पण आतली जागा २५६ जीबीच, रॅम नंतर वाढवता येत नाही आणि बिघडला तर अठवा गेटला कुणी पाच मिनिटांत भाग बदलून देणार नाही. एफएल स्टुडिओ मॅकवर चालतं, तुमचे जुने विंडोजचे प्लगइन चालतील असं नाही. दुसरी वाट वापरलेल्या ऑफिस कॉम्प्युटरची. फक्त गळा रेकॉर्ड करणाऱ्यासाठी मी तीच सुचवेन. पण विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपासूनच अधिकृतपणे चालतं, तेव्हा सहाव्या-सातव्या पिढीचं ‘एकदम मस्त’ यंत्र दाखवलं तर घेऊ नका.

शेवटी, पैसे चुकते करण्याआधी दुकानात अर्धा तास मागून घ्या. स्वतःचा हेडफोन, इंटरफेस आणि तुमच्या सर्वांत जड गाण्याचा प्रोजेक्ट पेन ड्राइव्हवर घेऊन जा. रीपरची चाचणी प्रत किंवा तुमचं सॉफ्टवेअर टाकायला सांगा, वाय-फाय बंद करा, विजेचा प्लॅन ‘हाय परफॉर्मन्स’वर ठेवा, बफर १२८ करा आणि गाणं सलग तीनदा वाजवा. मग कॅबिनेटजवळ कान नेऊन ऐका. टकटक आली किंवा पंखा चढला तर तिथेच भाग बदलून घ्या; घरी नेल्यावर तोच दुकानदार ‘सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम आहे’ म्हणेल.